शंभर टक्के शुद्ध शेंगदाणा चटणी

परवा नवी पेठेत शेंगदाणा चटणीचं पाकीट घेतलं. वर ठसठशीत छापलंय, ‘100 टक्के शुद्ध’. मागे बारीक अक्षरांत शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. भेसळ नाही एवढंच त्यांना म्हणायचंय, ते ठीकच. पण रसायनशास्त्राच्या लेखी हे मिश्रण. त्यातलं मीठसुद्धा शुद्ध नाही. आयोडीनयुक्त मिठात आयोडेट, म्हणजे आयोडीनचं एक संयुग, घातलेलं असतं.

शुद्ध म्हणजे एकच मूलद्रव्य किंवा एकच संयुग. व्याख्या शाळेतलीच, पण समोर पांढरी पूड ठेवली तर ओळखणार कसं? बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे कामाला येते, द्रवणांक, म्हणजे पदार्थ ज्या तापमानाला वितळतो तो अंक. केसासारखी बारीक काचेची नळी, एक टोक बंद, तळाशी चिमूटभर पूड. ती थर्मामीटरला बांधून तेलात बुडवायची, तेल सावकाश तापवायचं आणि डोळे लावून बसायचं. युरिया 133 अंश सेल्सिअसला वितळतो. सिनॅमिक आम्ल हे दुसरं संयुग, तेही 133 च्या आसपासच. आता दोन्ही निम्मेनिम्मे मिसळा. शंभरीच्या जवळपासच पूड ओली होऊ लागते!

द्रवणांकाला स्फटिकातून जितके रेणू द्रवात निसटतात, तितकेच द्रवातून परत येऊन स्फटिकावर बसतात. द्रवात परके रेणू (इथे सिनॅमिक आम्लाचे) शिरले की ते पृष्ठभागाशी जागा अडवतात, पण युरियाच्या स्फटिकात त्यांना थारा नसतो. निसटणारे तेवढेच, परतणारे मात्र कमी. तोल पुन्हा साधायचा तर निसटणंही मंदावायला हवं, म्हणजे तापमान उतरायला हवं. शिवाय युरिया वितळत जातो तसतसा द्रवातला परक्यांचा वाटा घटतो आणि द्रवणांक वर सरकतो. म्हणून शुद्ध पदार्थ एखाद्या अंशात झटकन वितळून मोकळा होतो, अशुद्ध रेंगाळत बसतो.

मे महिन्यात सोलापुरात पारा 42 वर असताना कुल्फीवाला बर्फात खडेमीठ टाकतो, तिथेही हाच हिशेब. बर्फ शून्याखालीच वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता कुल्फीतून ओढतो. प्रमाण जमलं तर उणे 21 पर्यंत मजल जाते.

(घर ‘शुद्ध’ करायला पाणी शिंपडणाऱ्यांनी एकदा ते साखरेच्या शुद्ध स्फटिकांवर शिंपडून बघावं. ‘केमिकल-फ्री’ साबण विकणाऱ्यांना तर काय सांगावं, पाणीही केमिकलच.)

शुद्ध पदार्थ तसाच्या तसा कामाला येतोच असं नाही. पॅरासिटॅमॉलच्या गोळीत औषध 500 मिलिग्रॅम, पण गोळीचं वजन त्याहून जास्त भरतं. वरची भर स्टार्चसारख्या द्रव्यांची, काही गोळी बांधून ठेवायला, काही ती पोटात वेळेवर फुटायला. ठरल्या कामासाठी ठरल्या मापानं केलेलं असं मिश्रण म्हणजे फॉर्म्युलेशन. आपली चटणीही तेच. उखळात शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटतात ना, ते तेलच तिखट-मीठ धरून ठेवतं. गोळीतल्या स्टार्चचं काम इथे शेंगदाणा स्वतःच करतो.