घाम गाळला म्हणजे चरबी वितळली का?

‘जितका जास्त घाम, तितकी चरबी कमी.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ठाण्याच्या तलावपाळीला ऐन मे महिन्यात पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते.

घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ. त्याचं काम अंग थंड ठेवणं. चरबी जळते ती पेशींमध्ये, ऑक्सिजनच्या मदतीने, आणि तिचं कार्बन डायऑक्साइड व पाणी होतं. 10 किलो चरबी जळली, तर साधारण 8.4 किलो श्वासावाटे निघून जाते, बाकीचं पाणी होतं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं हत्ती सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू बघा. सुमारे चार आठवड्यांनी आई सोडून जाते. मग ते दोन-अडीच महिने काही खात-पीत नाही, नुसतं वाळूत लोळतं, तरी रोज बारीक होत जातं. अंगातल्या चरबीतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि पाणीही. म्हणूनच सीलच्या ऊर्जेचा हिशोब मांडताना संशोधक त्याच्या श्वासातले वायू मोजतात.

घरी पडताळा घ्यायचाय? चालण्याआधी आणि नंतर वजन करा. मग तांब्याभर पाणी प्या, थोड्या वेळाने पुन्हा काट्यावर उभे राहा. उतरलेलं वजन बहुतेक परत आलेलं दिसेल. आणि ते प्लास्टिक सोडून द्या, उन्हात त्याने चक्कर येऊ शकते.