सिएटलमध्ये सायकलला हेल्मेट कंपल्सरी झालं कसं आणि मग गेलं कसं

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनमुळे आपली मंडळी भरपूर, आणि नवीन आलेल्यांचे किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, इथे सायकल चालवताना हेल्मेट घालावंच लागतं का आणि रस्ता मधूनच ओलांडला तर खरंच पावती फाडतात का. तीन जणांना विचारलं तर तीन उत्तरं येतात आणि गंमत म्हणजे तिघंही कुठल्या ना कुठल्या वर्षापुरते बरोबर असतात.

पहिली गोष्ट, वॉशिंग्टन राज्याचा सगळ्यांना लागू असलेला सायकल हेल्मेटचा कायदा कधी नव्हताच. मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचाही नाही. त्यामुळे जे काय व्हायचं ते काउंटी आणि शहराच्या पातळीवर, म्हणजे आपल्याकडे जिल्हा आणि महापालिका म्हणू तसं. सिएटल आणि आजूबाजूची गावं किंग काउंटीत येतात, आणि इथे हेल्मेटचा नियम पोलिसांनी किंवा वाहतूक खात्याने आणला नाही, तो आणला काउंटीच्या बोर्ड ऑफ हेल्थने. म्हणजे आरोग्याचा विषय म्हणून. पुढचं सगळं रामायण समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

आरोग्य कुठून आलं तर हार्बरव्ह्यू हॉस्पिटलमधून. वॉशिंग्टन, अलास्का, मोंटाना, आयडाहो एवढ्या मोठ्या भागातले गंभीर अपघाताचे पेशंट तिथे येतात. ८० च्या दशकात डोक्याला मार लागलेली सायकलवरची मुलं बघून तिथले डॉक्टर वैतागले आणि त्यांनी अभ्यास करायला घेतला. सिएटलच्या पाच हॉस्पिटलांतले डोक्याला मार लागलेले २३५ सायकलस्वार एका बाजूला आणि डोकं सोडून दुसरीकडे लागलेले ४३३ जण दुसऱ्या बाजूला (आणखी एक तुलनेचा गट होता ५५८ जणांचा). पहिल्या गटात हेल्मेट घातलेले फक्त ७ टक्के, दुसऱ्या गटात २४ टक्के. त्यावरून हिशोब मांडला की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो. १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि तो ८५ चा आकडा जगभर फिरला, प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक भाषणात.

आकडा थोडा जास्तच होता हे नंतर कळत गेलं. हेल्मेट घालणारी माणसं तशीही जपून चालवणारी असतात, बागेतल्या रस्त्यावर चालवणारी असतात, हा फरक आकड्यातून पूर्ण काढून टाकणं अवघड आहे. २०१३ मध्ये वॉशिंग्टन डीसी भागातल्या सायकलवाल्यांच्या संघटनेने तक्रार केली तेव्हा केंद्र सरकारच्या खात्यांनी ८५ टक्के म्हणणं बंद केलं. पण म्हणून हेल्मेट बिनकामाचं असं कुणी समजू नये, २०१६ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात डोक्याच्या दुखापतीत साधारण निम्मी (५१ टक्के) घट आणि गंभीर दुखापतीत ६९ टक्के घट दिसली. डोकं आपलंच आहे, ५१ टक्के काय कमी झाले का.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेला भाग कायद्याच्या आधीचा आहे. १९८६ पासून हार्बरव्ह्यूच्या लोकांनी शाळा, बालरोगतज्ज्ञ, दुकानदार, पेपरवाले सगळ्यांना धरून मोहीम चालवली, हेल्मेट तेव्हा महाग होती म्हणून डिस्काउंटची कुपनं वाटली. १९८७ मध्ये सिएटलमधली हेल्मेट घालणारी मुलं जेमतेम ५ टक्के होती, ती १९९२ पर्यंत ४० टक्क्यांवर गेली. एकही पावती न फाडता! मग १९९३ मध्ये बोर्ड ऑफ हेल्थने नियम केला, तोही फक्त मुलांना नाही तर मोठ्यांना पण, जे अमेरिकेत फार कमी ठिकाणी आहे. कॅलिफोर्नियात वगैरे १८ वर्षांखालच्यांनाच सक्ती आहे. तेव्हा हवाच तशी होती म्हणा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० ला जगात पहिल्यांदा सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट कंपल्सरी केलं होतं आणि न्यूझीलंड १९९४ मध्ये त्याच वाटेने गेलं. मजा म्हणजे किंग काउंटीच्या नियमातून खुद्द सिएटल शहर वगळलेलं होतं, ते २००३ मध्ये आत घेतलं. म्हणून जुनी माणसं १९९३ सांगतात आणि कुणी २००३ सांगतं, दोन्ही खरं.

पुढची दहाएक वर्षं फार काही झालं नाही. मग आल्या भाड्याच्या सायकली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रॉन्टो नावाची सेवा सुरू झाली, कायदा आहे म्हणून स्टँडवर सायकलींसोबत हेल्मेटचे डबे ठेवावे लागले, म्हणजे दुसऱ्याने घातलेलं हेल्मेट आपण डोक्यावर चढवायचं, तेही धुऊन आलेलं असलं तरी मनाला कसंसंच वाटणार. प्रॉन्टो २०१७ च्या मार्चअखेर बंद पडली, कारणं बरीच होती, चढउतार, पाऊस, कमी स्टँड, पण हेल्मेटचं नाव त्या यादीत कायम घेतलं गेलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात कुठेही सोडून द्यायच्या सायकली आल्या आणि त्यांच्यासोबत हेल्मेट नव्हतंच. नंतरच्या एका पाहणीत स्वतःची सायकल चालवणारे ९० टक्क्यांच्या आसपास हेल्मेट घातलेले दिसले आणि भाड्याच्या सायकलवाले २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हजारो लोक रोज उघडउघड नियम मोडत होते आणि कुणी विचारत नव्हतं.

मग विचारत कोणाला होते? इथेच गाडी अडली. २०२० मध्ये स्थानिक पत्रकारांनी आणि सायकल कार्यकर्त्यांनी पावत्या चाळल्या तर निम्म्याच्या आसपास पावत्या बेघर लोकांना फाडलेल्या, आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांना गोऱ्यांच्या मानाने कितीतरी जास्त. मूळ दंड ३० डॉलर पण कोर्टाचे चार्जेस धरून दीडशेच्या घरात जायचा. ज्याला राहायला घर नाही तो दीडशे डॉलर भरणार कुठून, आणि नाही भरले की प्रकरण वाढतच जातं. हेल्मेट हे पोलिसांना एखाद्याला थांबवायचं निमित्त झालं होतं असा आरोप होता, आणि आकडे बघता तो खोडून काढणं कठीणच होतं. शेजारच्या टकोमा शहराने २०२० मध्येच आपला नियम काढला. किंग काउंटीच्या बोर्डाने १७ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केला, सोबत फुकट हेल्मेट आणि जनजागृतीसाठी पैसे वेगळे ठेवले, म्हणजे फिरून १९८६ च्याच पद्धतीवर आले. काही डॉक्टर मंडळी नाराज होती आणि त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. काउंटीतल्या काही छोट्या शहरांचे स्वतःचे नियम मात्र या निर्णयाने रद्द झाले नाहीत, त्यामुळे उत्तर गावागणिक बदलतं, आपलं शहर कुठलं ते बघूनच सांगावं लागतं.

आता रस्ता ओलांडण्याचं. इथला नियम कागदावर चालणाऱ्याच्या बाजूचा आहे. वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक चौक हा क्रॉसवॉक, म्हणजे चालणाऱ्यांनी रस्ता ओलांडायची जागा, धरला जातो, पट्टे मारलेले असोत नसोत, आणि माणूस तुमच्या अर्ध्या रस्त्यात किंवा त्याच्या एक लेन अलीकडे आला की गाडी थांबवायची, नुसतं स्लो करून हॉर्न मारायचा नाही. (पट्ट्यांवर माणसाला आधी जाऊ द्या हे आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांतही आहे, पुण्यात कुणाला सांगून बघा.) पण दोन सिग्नलच्या मध्ये, पट्टे नसतील तिथून ओलांडायला मनाई, आणि सिएटलचे पोलीस या जेवॉकिंगच्या बाबतीत अनेक वर्षं फार कडक म्हणून प्रसिद्ध. रिकाम्या रस्त्यावर, पावसात, सिग्नलवर चालत्या माणसाचं चित्र लागायची वाट बघत उभी राहिलेली माणसं ही सिएटलची ओळखच होऊन बसली.

जेवॉकिंगची ही कल्पना मुळात मोटारी वाढल्या तेव्हाची, कॅन्सस सिटीने १९१२ मध्ये असा नियम केला आणि मग १९२० च्या दशकात तो देशभर पसरला, त्याआधी रस्ता सगळ्यांचा होता. सिएटलमध्ये जून २०१० मध्ये जेवॉकिंगवरून झालेल्या झटापटीत एका पोलिसाने १७ वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचा व्हिडिओ देशभर गाजला, आणि हेल्मेटसारखाच प्रश्न इथेही आला की अडवतात कोणाला. कॅन्सस सिटीने स्वतःच २०२१ मध्ये नियम काढून टाकला, व्हर्जिनियाने त्याच वर्षी ढील दिली, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून, न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये. वॉशिंग्टन राज्यात २०२३ मध्ये असंच बिल आलं होतं पण ते पास झालं नाही. त्यामुळे आईबाबांना सांगायचं तर सिएटल शहरात हेल्मेटची पावती आता नाही, रस्ता मात्र चौकातूनच ओलांडा.