फुटाण्यांचा रकाना

रामटेकच्या गडावर लंगुरांच्या नोंदी करायला पहिल्यांदाच वही घेऊन बसलेला विद्यार्थी दुपारपर्यंत एकच गोष्ट लिहितो: भांडणं. हुप्प्या दात विचकून धावला, माद्या किंचाळल्या, पिल्लू फांदीवरून निसटलं. वही वाचून वाटावं, लंगूर दिवसभर कचाकचा भांडतच असतात. खरं तर टोळीतली बहुतेक मंडळी त्या वेळी पानं चघळत असतात, नाहीतर शेपट्या लोंबकळत ठेवून ढिम्म बसलेली असतात. आपला डोळा गलक्याकडे धावतो, त्यात लंगुरांचा काय दोष?

यावरचा उतारा सोपा आणि कंटाळवाणा आहे. केनियात बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धती पारखून मांडल्या. तेव्हापासून रानातला जवळपास प्रत्येक अभ्यासवर्ग तिथूनच सुरू होतो. दर दहा मिनिटांनी टोळीवरून नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय, एवढंच टिपायचं. किंवा एकच मादी निवडायची आणि ठरलेला वेळ फक्त तिच्याकडे पाहायचं, शेजारी महाभारत घडलं तरी!

पण घड्याळ लावून पाहणाऱ्याच्या हातून क्वचित घडणारी गोष्ट निसटू शकते. धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात पाहिलं, की बाहेरून आलेल्या नराने लंगुरांची टोळी बळकावल्यावर तिथली तान्ही पिल्लं मारली गेली. पुढे अमेरिकी संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या लंगुरांवरून त्याचा अर्थ लावला: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. यावर बराच वाद झाला. म्हणून वहीत शेवटचं एक पान मोकळं ठेवायचं, अवचित दिसेल त्यासाठी.

नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरचा हा गड आणि त्याच्या उत्तरेचं पेंचचं जंगल, दोन्हीकडे लंगूर आहेत. जंगलात ते पानं, कोवळे कोंब, फुलं, फळं खातात. त्यांच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात जिवाणू पानं आंबवतात, तेव्हा कुठे ती पचतात. पीठ-साखरेच्या माऱ्याने ही घडी विस्कटू शकते. गडावर मात्र भाविकांची पिशवी उघडायचा अवकाश, अख्खी टोळी पायऱ्यांवर. जंगलात नेतो त्याच नोंदींच्या तक्त्यात इथे आम्हाला एक जादा रकाना आखावा लागतो: ‘फुटाणे, नारळ, बिस्किटं’. तो लवकर भरतो.