जेट स्की : निगा आणि बिघाड

पंपाने पाणी मागे फेकून धावणारे, स्कूटरसारखे बसून चालवायचे छोटे जलवाहन. ‘जेट स्की’ हे मुळात कावासाकी कंपनीचे १९७३ पासूनचे व्यापारनाव. पण मुंबईच्या चौपाट्यांवर यामाहा असो की सी-डू, सगळ्यांना लोक तेच म्हणतात.

पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते आणि नळीतला इम्पेलर (पंपाचा फिरता पंखा) ते मागच्या नोझलमधून जोराने बाहेर सोडतो. वळवण्याचे कामही हाच झोत करतो. म्हणून थ्रॉटल (वेग देणारा खटका) सोडला की हँडल फिरवूनही वाहन सरळच जाते. त्याच पाण्यातले थोडे इंजीन थंड ठेवायला वापरतात. काही मॉडेलांत इंजिनाला बंदिस्त कूलंट असते, पण एक्झॉस्टला तिथेही समुद्राचेच पाणी लागते. समुद्रात जे असेल ते यंत्राच्या पोटात जाणारच: लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, शिवाय वाळू, गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, तुटक्या जाळ्यांचे नायलॉन.

म्हणून फेरी संपली की त्याच दिवशी इंजीन धुण्याच्या जोडणीला नळाचा पाइप लावून गोड्या पाण्याने आतून धुवावे. बाहेरून पाइप मारून ताडपत्री टाकली तर गाडी चकचकीत दिसते, आत मात्र मिठाचे थर बसत राहतात. सोसायटीच्या बोअरचे पाणी मचूळ असेल तर तेही टाळावे. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल तर क्रम असा: आधी इंजीन सुरू, मग नळ, संपवताना आधी नळ बंद, मग इंजीन. इंजीन बंद असताना नळ सोडला तर पाणी एक्झॉस्टमधून उलटे सिलिंडरांत शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एवढ्या साध्या चुकीपायी चांगले इंजीन जावे, हे फार वाईट. शेवटी सीट उघडी ठेवून आतला भाग वाळू द्यावा.

इंजीन गरगरते पण वेग येत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुधा जाळीला पिशवी चिकटलेली असते किंवा शाफ्टला दोरा गुंडाळलेला असतो. इंजीन बंद करून, मनगटाची सुरक्षा-दोरी (जी निघाली की इंजीन चालत नाही) स्विचवरून काढूनच हात घालावा. नायलॉनचा दोरा ओढला की आणखी आवळतो. तो सुरीने तुकड्यातुकड्याने कापावा. जाळी साफ असूनही वेग नसेल तर इम्पेलरची पाती आणि त्याभोवतीची वेअर रिंग (झीज सोसणारे कडे) तपासावी. वाळूने रिंग झिजली की फट वाढते आणि पाण्याचा जोर तिथेच गळतो. वाळू आत ओढली जाऊ नये यासाठी किमान कमरेइतक्या पाण्यातच इंजीन सुरू करावे. भरतीला कमरेइतके असलेले पाणी ओहोटीला घोट्यावर येते, हे परतताना लक्षात असू द्यावे.

गाडी सुरूच होत नसेल तर आधी सुरक्षा-दोरी नीट बसली आहे का ते पाहावे, मग बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा गंज, मग स्पार्क प्लग. गाडी उलटली तर मागच्या स्टिकरवर दाखवलेल्या दिशेनेच सरळ करावी, नाहीतर इंजिनात पाणी जाते.

परदेशी मॅन्युअलांत हिवाळ्याच्या साठवणीचे प्रकरण असते, ते पाणी गोठण्याच्या भीतीने. मुंबईत गाडी पावसाळ्यात उभी राहते आणि शत्रू असतो दमटपणा. बॅटरी काढून घरात चार्ज ठेवावी, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (ते साठवणीत खराब होऊ न देणारे द्रव्य) घालून टाकी भरावी. उंदीर आत शिरून घर करू नयेत म्हणून एक्झॉस्टच्या तोंडात बोळा घालतात. नारळी पौर्णिमेनंतर गाडी काढताना तो आधी काढावा.