रूट 66 वर ट्रेलर ओढायचाय? सुरुवात आपल्या आरटीओपासून

शिकागो ते सांता मोनिका हा अमेरिकेतला जुना महामार्ग 1926 मध्ये क्रमांकित झाला आणि 1985 मध्ये सरकारी यादीतून निघाला. तरी तुकड्यातुकड्यांनी तो अजून वाहतो: आठ राज्यं, सुमारे 3,900 किलोमीटर. मुलांकडे गेलेल्या आईबाबांना त्यावर चाकांवरचं घर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, गाडीमागे जोडून फिरायची हौस येते. त्यासाठीचा कागद मात्र निघण्यापूर्वी इथूनच काढून ठेवा.

तो कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, आरटीओच्या भाषेत आयडीपी. पात्रता सोपी: भारतीय नागरिक आणि हातात चालू, पक्कं लायसन्स. लर्निंगवर मिळत नाही. सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन्सच्या सेवांमध्ये अर्ज करायचा. फॉर्म 4अ, लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात, फी 1,000 रुपये. व्हिसा, विमानाचं तिकीट आणि डॉक्टरांचा फॉर्म 1अ (वैद्यकीय दाखला) यांच्या प्रतीही फाईलमध्ये असू द्या. खिडकीवर मागितल्या तर परत फेरी नको. लायसन्स जुन्या पुस्तिकेचं असेल तर आधी ते सारथीवर दिसतंय का बघा. नसेल तर पहिल्यांदा त्याची नोंद करून घ्या, अर्ज नंतर. हे बरेच जण निघायच्या आठवड्यात शोधतात.

परमिट एक वर्ष चालतं. लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढंच. आणि ते एकटं कुचकामी आहे, सोबत मूळ लायसन्स हवंच. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरील पाहुण्याला मायदेशाचं वैध लायसन्स पुरतं, पण वाटेत आणखी सात राज्यं आहेत, आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर हे परमिट मागितलं जाऊ शकतं.

आता खरी मेख. परमिटच्या शेवटच्या पानावर ए ते ई असे वर्ग असतात आणि आपल्याला ज्यांची परवानगी आहे त्यांच्यासमोर शिक्का पडतो. माझ्या परमिटमध्ये बी समोर ठसठशीत शिक्का, ई समोर कोरं. बी म्हणजे चालक सोडून आठ आसनांपर्यंतची गाडी, मागे हलका ट्रेलर चालेल. हलका म्हणजे 1949 च्या जिनिव्हा करारानुसार कमाल 750 किलो. पलंग, शेगडी, संडास असलेला ट्रेलर याच्या दुप्पट-तिप्पट सहज भरतो, म्हणजे तो ई मध्ये, जड ट्रेलरच्या वर्गात, गेला. म्हणून ट्रेलर भाड्याने देणाऱ्याला परमिटच्या त्या पानाचा फोटो पाठवा आणि हे चालेल का, विमा लागू राहील का, हे लेखी विचारा. फोनवरच्या ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका. माझं मत विचाराल तर स्थानिक लायसन्स असलेल्या लेकीला किंवा जावयाला स्टिअरिंग द्यावं आणि आपण नकाशा धरावा. विमानतळावरून भाड्याने घेतलेल्या साध्या गाडीने ट्रेलर ओढायला बहुतेक ठिकाणी करारातच मनाई असते, हेही तेव्हाच पाहून घ्या.

ट्रेलर मागे असताना कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ताशी 55 मैल, बाकीची वाहतूक कितीही सुसाट जावो. ॲरिझोनात किंगमनहून ओटमनला जाणारा घाट तर 40 फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदच आहे. पिकअप 19 फूट, मागे 25 फुटी ट्रेलर: बेरीज तुम्हीच करा. तेवढ्यापुरता ट्रेलर किंगमनला लावून नुसती गाडी वर न्या.