खांड कोण बुजवणार?

पेण-अलिबागच्या बाजूला, धरमतरच्या खाडीलगत, उधाणाच्या पातळीखाली भातशेती आहे. तिथे खरं तर समुद्रच असायला हवा. तो आत येत नाही, कारण मधे मातीचा बांध आहे. अशा बांधाआडच्या जमिनीला खार किंवा खाजण म्हणतात. या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ ते ५ मीटरपर्यंत जातो आणि साधारण दर साडेबारा तासांनी पाणी पुन्हा बांधाला येऊन भिडतं. बांधात उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, असतात. उघाडीची फळी फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. ओहोटीला आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून निघून जातं आणि भरतीला बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं. फळीत ओंडका अडकून ती चार बोटं उघडी राहिली, तर खारं पाणी आत आलंच म्हणून समजा.

नुकसानीची सुरुवात बऱ्याचदा खेकड्याच्या बिळापासून होते. बिळातून पाझर लागतो, पाझराची घळ होते आणि पुढच्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या, दिवसांत पाणी फारसं चढत नाही. तेव्हा बीळ नजरेस पडलं तर दोन माणसं फावडं-घमेलं घेऊन, चिकण चिखल ठासून तासाभरात काम उरकतात. एकदा खांड पडली की मात्र दोन भरत्या आणि दोन ओहोट्या रोज तिच्या कडा कापत राहतात, आणि मग जेसीबी आणि निविदांशिवाय इलाज उरत नाही. भाताला मातीची क्षारता ३ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत (हे क्षारता मोजायचं एकक) सोसते. त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. समुद्राच्या पाण्याची क्षारता ५० च्या आसपास असते, म्हणजे हिशेब करायचीही गरज नाही.

तासाभराचं काम, आणि त्यावर सगळ्यांचं पीक अवलंबून. तरी ते वेळेवर का होत नाही? राज्यशास्त्र म्हटलं की राज्यघटना, पक्ष, निवडणुका डोळ्यांपुढे येतात. पण आधुनिक राजकीय सिद्धान्ताचा मोठा भाग याच साध्या प्रश्नाभोवती वाढला आहे, आणि तो वाढवण्यात राज्यशास्त्रज्ञांइतकाच अर्थशास्त्रज्ञांचा, मानसशास्त्रज्ञांचा आणि मानववंशशास्त्रज्ञांचा हात आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये उत्तर दिलं होतं: वर दंडुका घेऊन कुणी बसला नसेल तर माणसं एकमेकांवर विश्वास ठेवणार नाहीत. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये मांडलेला मुद्दा आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. दोन शेजारी मिळून पाणथळ कुरणातलं पाणी काढून टाकू शकतात, कारण एकाने अंग काढलं तर काम अडलं हे दोघांनाही लगेच कळतं. हजार माणसांना ते जमत नाही. प्रत्येक जण खर्चाचा बोजा दुसऱ्यावर ढकलायला निमित्त शोधतो. म्हणून पूल आणि बंदरं सरकार बांधतं, असं ह्यूमचं म्हणणं. खाजणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

पुढची दोनशे वर्षं हा मुद्दा तत्त्वज्ञानाच्या कपाटात राहिला. तो बाहेर आला गणितामुळे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक खेळ मांडला आणि अल्बर्ट टकरने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचं भलं, पण समोरचा काहीही करो, दगा देणंच प्रत्येकाच्या फायद्याचं. १९६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सनने हेच तर्कशास्त्र संघटनांना लावलं. गट जितका मोठा, तितका एकेकाच्या वाट्याला येणारा फायदा लहान आणि फुकट्यांची संख्या जास्त. सामाईक हित आहे एवढ्यावरून लोक एकत्र येतील असं धरून चालणं त्यानंतर अवघड झालं. युनियन असो की सहकारी सोसायटी, सभासदाला वेगळं काय मिळतं किंवा न आल्यास वेगळं काय भोगावं लागतं, हे आधी विचारावं लागू लागलं.

प्रयोगशाळेत हे आकड्यांत दिसतं. एर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर यांच्या २००० सालच्या प्रयोगात चार-चार जणांचे गट होते. प्रत्येकाला २० टोकन. सामाईक भांड्यात टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ मिळायचे. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकी ३२. कुणीच काही टाकलं नाही तर प्रत्येकी २०. तिघांनी टाकलं आणि एकाने हात आखडता घेतला तर त्या एकाला ४४. दहा फेऱ्यांत वर्गणी उतरत गेली आणि शेवटी बहुतेकांनी काहीच टाकलं नाही. मग नियम बदलला: पदरचे टोकन खर्च करून दुसऱ्याला दंड करता येईल. वर्गणी पुन्हा चढली. स्वतःचं नुकसान सोसून लोक फुकट्याला अद्दल घडवतात, ही गोष्ट निव्वळ स्वार्थी माणसाच्या जुन्या प्रतिमेत बसत नव्हती.

आता एक चूक, जी लेखांत आणि भाषणांत सर्रास होते. सामाईक म्हटलं की सगळ्याला एकच गणित लावतात. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका लिहिली, ती समुद्रातल्या मासळीला लागू पडते. त्याच्या चौदा वर्षं आधी एच. स्कॉट गॉर्डनने मासेमारीचं अर्थशास्त्र मांडताना जवळपास तेच दाखवलं होतं. मी आज सोडलेला बांगडा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार, मग मी का सोडू? मालवणपासून रत्नागिरीपर्यंत रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) आणि पर्ससीनवाल्यांचा (बोटीवरून घेर टाकायचं मोठं जाळं) वाद, पावसाळी बंदी, २०१७ मध्ये केंद्राने घातलेली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची बंदी, हे सगळं या गणितात येतं. तिथे प्रश्न कमी काढण्याचा आहे.

बांध त्या जातीचा नाही. बांधावर कुणी जास्त घेतल्याने दुसऱ्याचं कमी होत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी आपला तुकडा पक्का ठेवला आणि एकाने ठेवला नाही, तर पाणी त्याच्या तुकड्यातून शिरून नव्व्याण्णवांच्या शेतात जातं. अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफरने १९८३ मध्ये याला सर्वांत कमकुवत दुव्याचं गणित म्हटलं. त्याचं उदाहरणही बांधाचंच होतं: एक काल्पनिक गोल बेट, ज्यावर प्रत्येकाने आपल्या हद्दीत बांध घालायचा आणि बेट सुरक्षित राहणार ते सर्वांत बुटक्या बांधाच्या उंचीइतकंच.

फरक बारीक वाटेल, पण माणसांच्या वागण्यात तो मोठा पडतो. कैद्यांच्या खेळात दगा फायद्याचा असतो. कमकुवत दुव्याच्या खेळात तसं नाही. बाकीचे सगळे बांध राखणार अशी खात्री असेल, तर मीही राखण्यातच माझा फायदा. पण कुणी तरी चुकणार अशी शंका आली, तर माझे श्रम पाण्यात जाणार. अडचण स्वार्थाची नाही, खात्रीची आहे. प्रत्येक शेतकरी ९५ टक्के भरवशाचा आहे असं धरा. दोघांचाच बांध असेल तर तो टिकण्याची शक्यता ९० टक्के. चाळीस जणांचा असेल तर ०.९५ चाळीस वेळा गुणायचं: उत्तर जेमतेम १३ टक्के. चाळीस जणांत ९० टक्क्यांचा भरवसा हवा असेल तर प्रत्येकाला हजारात तीनपेक्षा कमी वेळा चुकायची मुभा. इतकं चोख कुणीच नसतं. सगळी माणसं प्रामाणिक असूनही बांध फुटू शकतो, तो असा.

याची चाचणी व्हॅन हायक, बटालिओ आणि बाइल यांनी १९९० मध्ये घेतली. १४ ते १६ जणांच्या गटात प्रत्येकाने १ ते ७ मधला आकडा निवडायचा. सगळ्यांनी ७ निवडला तर प्रत्येकी १.३० डॉलर, सगळ्यांनी १ निवडला तर ०.७०. मी ७ निवडला आणि गटात एकाने जरी १ निवडला, तर माझ्या हाती ०.१०. काही फेऱ्यांतच मोठे गट १ वर येऊन ठेपले. तोच खेळ दोघांच्या कायम जोडीत खेळवला तेव्हा बहुतेक जोड्या ७ वर पोहोचल्या. ह्यूमने अडीचशे वर्षांपूर्वी जे बसल्या जागी म्हटलं होतं, त्याला इथे आकडे मिळाले.

मग मोठे गट तगतात तरी कसे? एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९० मध्ये जगभरच्या सामाईक व्यवस्था तपासून याचं उत्तर दिलं. तिला २००९ मध्ये ऑलिव्हर विल्यमसनसोबत अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. तिची निरीक्षणं ‘लोक एकत्र आले की सगळं होतं’ अशा गोड निष्कर्षात गुंडाळली जातात, ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. तिने पाहिलेल्या कित्येक व्यवस्था मोडल्या होत्या. टिकलेल्यांमध्ये हद्द ठरलेली होती, पहारा करणारा त्यांच्यातलाच होता, पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ आणि पुढे चढता होता, आणि तंटा गावातच झटपट मिटायचा. फिलिपिन्समधल्या झांजेरा या पाणी-संघांचं उदाहरण खारवाल्यांनी मुद्दाम बघावं. पुरात वारंवार वाहून जाणारा त्यांचा बंधारा सभासद जमिनीच्या हिश्शाप्रमाणे मजुरी देऊन पुन्हा घालतात. संघ चालवणाऱ्यांना मोबदला म्हणून जमीन मिळते, तीही पाटाच्या शेवटच्या टोकाला. टोकापर्यंत पाणी पोहोचलं तरच कारभाऱ्याचं शेत पिकणार! पगारापेक्षा आणि देखरेख समितीपेक्षा हे कितीतरी हुशारीचं आहे. आपल्याकडे हाच हिशेब उलटा लावता येईल: ज्याचं शेत सर्वांत सखल आणि उघाडीला लागून, त्याच्याकडेच बांधावरची फेरी.

कोकणातही व्यवस्था नव्हती असं नाही. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री या प्रकारच्या खार जमिनींची नोंद आहे. तिथे सरकारी साऱ्याखेरीज बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे एक मण भात वसूल होई. गावकऱ्यांनी मिळून बांधावर राबण्याची जोळ पद्धत या भागातले जुने लोक अजून सांगतात. पण जोळीला नुसती गोडीगुलाबी समजू नये. जमीन खोताची (सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची) आणि सावकाराची होती, राबणारा कूळ होता. कूळ जमिनीवरून उठवला जाऊ शकत होता, आणि खात्रीचा प्रश्न सुटायला ही भीतीही उपयोगी पडत असणार. पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ यांनी १९६२ मध्ये सत्तेचा असाच झाकलेला चेहरा दाखवला होता: काय ठरलं हे बघू नका, कुठला विषय चर्चेलाच येऊ दिला नाही ते बघा. बांध कसा राखायचा यावर गावकी बसे. पिकातला किती वाटा खोताला जावा, हा विषय तिथे येत नसे.

तो आणला चरीच्या संपाने. अलिबागजवळच्या चरी गावातून १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि ते जवळजवळ सहा वर्षं पाळलं. गणिताच्या नजरेतून पाहिलं तर ही थक्क करणारी गोष्ट आहे. संपही कमकुवत दुव्यावरच तुटतो, आणि उपासमारीत हजार दुवे सहा वर्षं धरून ठेवणं ओल्सनच्या सूत्रात सहजी बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणारा मालक झाला.

बांधाची जबाबदारी मात्र त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने गेली. १९४८ चा खार जमीन कायदा आणि नंतरचा १९७९ चा खारभूमी विकास कायदा यांनी सरकारला त्यात आणलं. ह्यूमचं उत्तर अमलात आलं म्हणायचं. पैसा आला, दगडी पिचिंग (बांधाच्या उतारावरचं दगडांचं अस्तर) आलं, एकट्या गावाला न झेपणाऱ्या खांडी बुजल्या. गेलं ते वेळेवरचं लक्ष. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा या पायऱ्या महिन्यांच्या मापाने चालतात आणि उधाण पंधरवड्याने येतं. यात कुणाची हयगय असायलाच हवी असं नाही. जेम्स स्कॉटने १९९८ मध्ये दाखवलं की नोंदवहीत बसेल तेवढंच राज्ययंत्रणेला दिसतं. खेकड्याचं बीळ कुठल्याही रकान्यात बसत नाही. आणि सरकार दुरुस्त करणार हे ठाऊक झालं, की तासाभराच्या कामासाठी स्वतः उतरणं गावालाही वेडेपणाचं वाटू लागतं. भर म्हणजे खांड राहिलेल्या शेतात काही वर्षांत तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय कांदळवन तोडता येत नाही. ते संरक्षण रास्त आहे. पण शेतकऱ्यासाठी घड्याळाचा काटा त्यामुळे एकाच दिशेने फिरतो: गेलेलं शेत परत मिळत नाही.

याहून मोठी अडचण आल्बर्ट हर्शमनने १९७० मध्ये सांगितलेली आहे. व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवायचा किंवा निघून जायचं. निघून जाण्याची सोय ज्यांना असते, तेच बहुधा सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकी तक्रार करणारे असतात. ते गेले की व्यवस्थेला जाग आणणारं कुणी राहत नाही. कोकणातून मुंबईला जाण्याची वाट गिरण्यांच्या काळापासूनची. आज एकेका सातबाऱ्यावर वारसांची रांग असते. त्यातले बहुतेक डोंबिवली-विरारला, काहींचा हिस्सा प्लॉटिंगवाल्याने घेतलेला. अशा तुकड्यावर बीळ पडलं तर बोलवायचं कुणाला? झांजेराचा नियम इथे थोडा बदलून लावता येतो: गैरहजर हिस्सेदाराने मजुरीऐवजी रोख द्यावी, आणि भांगाच्या दिवसांत त्याच्या तुकड्यावर उतरून चिखल ठासण्याची लेखी मुभा बाकीच्यांना आधीच देऊन ठेवावी. वर्गणी बुडवणारा निघेलच. त्याच्यासाठी पहिला दंड नारळाच्या किमतीचा पुरे. मुभेचा कागद मात्र पावसाळ्याआधी व्हायला हवा, कारण वर्षातली सर्वांत उंच उधाणं आणि सर्वांत जोराचा पाऊस एकत्र येतात तेव्हा उघाडी बंद असते आणि आतलं पाणीही चढत असतं.