गेमिंगचा व्हिडिओ मुलांसाठी योग्य आहे का? आधी इअरफोन काढून ऐका

मुंबईतल्या दीड-दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी टीव्हीवर मालिका चालू असते, मोठ्या मुलीचा अभ्यास चालू असतो आणि धाकट्याला मोबाइल हवा असतो. एकाचा आवाज दुसऱ्याला नको म्हणून धाकट्याच्या कानात इअरफोन जातात आणि पालकांची निम्मी देखरेख तिथेच संपते. येता-जाता स्क्रीनवर नजर टाकली, तर चौकोनी ठोकळ्यांची घरे किंवा पळणारी माणसे दिसतात आणि ‘गेमच तर बघतोय’ म्हणून आपण पुढे जातो. पण गेमिंगच्या व्हिडिओत खेळ हा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग खेळता खेळता बोलणाऱ्या माणसाचा असतो आणि तो ऐकल्याशिवाय त्या व्हिडिओबद्दल मत बनवता येत नाही.

गेमवर छापलेल्या वयाच्या आकड्यावर अनेक पालक विसंबून राहतात, म्हणून तो आकडा कुठून येतो ते आधी पाहू. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेममधल्या हिंसेवरून १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि त्यानंतर १९९४ मध्ये गेमना वयानुसार श्रेणी देणारे ‘ईएसआरबी’ हे मंडळ स्थापन झाले. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ ही पद्धत आहे. तिच्यात ३, ७, १२, १६ आणि १८ अशा वयाच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली जो आकडा दिसतो, तो गेम बनवणाऱ्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. ठोकळ्यांनी घरे बांधायच्या ‘माइनक्राफ्ट’ या गेमला पेगीने ७ आणि गुन्हेगारीवर बेतलेल्या ‘जीटीए फाइव्ह’ला १८ हे वय दिले आहे. पहिली चाळणी म्हणून हा आकडा उपयोगाचा आहे, कारण ज्या गेमची श्रेणी १८ आहे, तो दुसरा कोणी खेळत असला तरी सात वर्षांच्या मुलाने पाहण्याजोगा होत नाही. मात्र उलट दिशेने हा नियम चालत नाही. सिनेमाला ‘यू’ प्रमाणपत्र असले, तरी शेजारच्या खुर्चीतला माणूस अडीच तास शिव्या देत बसला तर मुलाच्या कानावर काय पडेल, याची हमी ते प्रमाणपत्र देत नाही.

माइनक्राफ्टचेच दोन व्हिडिओ घ्या. पहिल्यात खेळणारा ‘रेडस्टोन’ची, म्हणजे गेममध्ये विजेच्या तारेसारखे काम करणारी, भुकटी जमिनीवर पसरून आपोआप उघडणारा दरवाजा बनवतो आहे. रेडस्टोनचा संकेत १५ ठोकळ्यांपर्यंतच पोहोचतो, त्यापुढे न्यायचा असेल तर मध्ये संकेत पुढे पाठवणारा रिपीटर बसवावा लागतो, हे तो सांगतो. दरवाजा उघडत नाही, तेव्हा जोडणी कुठे तुटली ते शोधतो. मुलाला इथे विद्युत मंडलाच्या तर्काची चांगली ओळख होते. दुसऱ्या व्हिडिओत तोच गेम आहे, तेच ठोकळे आहेत, पण खेळणारा मित्राने कष्टाने बांधलेले घर टीएनटी हे स्फोटक लावून उडवतो, मित्र चिडला की त्याला वेडावतो आणि ‘याला अजून रडवू या’ म्हणून पाहणाऱ्यांनाही सोबत घेतो. लांबून पाहिले तर दोन्ही व्हिडिओ सारखेच दिसतात.

दुसऱ्या व्हिडिओची काळजी का करायची, याचे उत्तर मानसशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगमालेत सापडते. मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला मारताना पाहिलेली मुले तसेच वागतात, हे अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवले. तो प्रयोग प्रसिद्ध आहे. पण आपल्या प्रश्नासाठी त्यांचा १९६५ चा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात बालवाडीच्या वयाच्या मुलांना बाहुलीला मारणाऱ्या माणसाची फिल्म दाखवली, पण शेवट तीन प्रकारचे ठेवले. एका गटाने त्या माणसाला बक्षीस मिळताना पाहिले, दुसऱ्याने त्याला शिक्षा होताना पाहिले आणि तिसऱ्या गटाला दिसले की त्याला कोणी काहीच म्हटले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. बाकीच्या दोन गटांत मात्र फारसा फरक नव्हता. ‘कोणी काहीच म्हटले नाही’ याचा अर्थ मुलांनी ‘चालते’ असाच घेतला. आता एखादे लाइव्ह, म्हणजे गेम खेळतानाचे थेट प्रक्षेपण, आठवा. हरल्यावर गेमर सोबतच्या खेळाडूला आईवरून शिवी देतो, चॅटमध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि त्याच क्षणी कोणीतरी पैसे पाठवून त्याचे कौतुक करतो. शिवीला मिळालेले ते बक्षीस मूल पाहत असते.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. गेममधल्या मारामारीमुळे मुले पुढे गुन्हेगार होतात, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० च्या ठरावात स्पष्ट केले आहे. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध आढळतो, एवढेच त्या ठरावात म्हटले आहे. त्यामुळे ‘बंदूक दिसली म्हणजे वाईट’ हा निकष फार कामाचा नाही. त्यापेक्षा खेळणारा हरल्यावर कसा वागतो आणि आपल्यापेक्षा कच्च्या खेळाडूशी कसा बोलतो, हे पाहिले तर अधिक कळते.

भीतीचा प्रश्न वेगळा आहे आणि पालकांची सर्वांत जास्त फसगत तिथे होते. सिंथिया हॉफनर आणि जोआन कँटर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एका म्हाताऱ्या बाईची फिल्म दाखवली. काहींना ती प्रेमळ आजीसारखी दिसली, काहींना चेटकिणीसारखी कुरूप. दोन्ही रूपांत काही फिल्ममध्ये ती दयाळूपणे वागली, काहींमध्ये क्रूरपणे. नंतर मुलांना विचारले की, घरात शिरलेली लहान मुले दिसली तर ही बाई काय करेल? नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी तिच्या वागण्यावरून अंदाज बांधला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर मात्र तिच्या दिसण्याचा प्रभाव अधिक होता. कुरूप दिसणारी चांगली असू शकते आणि गोड दिसणारी दुष्ट, हे त्या वयात सहज उमगत नाही.

‘पॉपी प्लेटाइम’ हा २०२१ चा गेम किंवा २०१४ चा ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या दृष्टीने पाहावा. पहिल्यातला खलनायक म्हणजे निळे, केसाळ, लांब हातांचे खेळणे आहे, दुसऱ्यातले पिझ्झाच्या दुकानात मुलांना रिझवणारे यांत्रिक प्राणी आहेत. चित्र खेळण्याचे आहे म्हणून मूल व्हिडिओ उघडते, पालकही त्याच कारणाने उघडू देतात आणि मग अंधारातून तोच चेहरा दात विचकत अंगावर येतो. अचानक मोठा आवाज झाला की दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. विचार करायला लागण्याआधीच शरीर आक्रसते. बारा वर्षांच्या मुलाला पुढच्याच क्षणी गेमरचे हसू दिसते आणि हा सगळा बनाव आहे, हे त्याच्या लक्षात येते. पाच वर्षांच्या मुलाला त्याआधीची किंकाळीच खरी वाटते, कारण काही भयंकर आहे की नाही हे ठरवण्यासाठी लहान मुले मोठ्यांच्या चेहऱ्याकडेच पाहतात आणि इथे कोपऱ्यातल्या चौकटीतला मोठा माणूस जिवाच्या आकांताने ओरडत असतो.

तिसरी बाब पैशांची. ‘फ्री फायर’ या गोळीबाराच्या गेममधले डायमंड असोत किंवा तशाच ‘बीजीएमआय’मधले यूसी, गेमर हे गेममधले चलन खर्चून आभासी पेट्या उघडतो आणि दुर्मीळ वस्तू निघाली की जल्लोष करतो. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित असले, की प्राणी तीच क्रिया चिकाटीने करत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवले होते. पेट्यांची रचना याच तत्त्वावर असते, म्हणून पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारात धरल्या. त्यातच सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरातीमागचा विक्रीचा हेतू नीट ओळखता येत नाही. आवडता गेमर, म्हणजे मुलांचा ‘भाई’, रोज घरात येऊन बोलत असल्यासारखा वाटतो. अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी टीव्हीच्या संदर्भात १९५६ मध्येच केले होते. तो ‘मी हे ॲप वापरतो’ म्हणाला, तर मुलाला तो मोठ्या भावाचा सल्ला वाटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. एखाद्या व्हिडिओत अशा ॲपची शिफारस दिसली, तर तो चॅनेल बंद करायला आणखी कारण शोधू नये.

यूट्यूबवर २०२० पासून ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी एक खूण असते. तिला गुणवत्तेचा शिक्का समजू नये. ती मुख्यतः व्हिडिओ बनवणाऱ्यानेच लावायची असते आणि ती लावली की टिप्पण्या व व्यक्तिगत माहितीवर बेतलेल्या जाहिराती बंद होतात. तिचा उलटा उपयोग मात्र चांगला होतो. व्हिडिओखाली टिप्पण्यांची दंगल चालू असेल, तर तो आपण लहान मुलांसाठी बनवलेला नाही, असे बनवणाऱ्यानेच सांगितलेले असते.

प्रत्यक्ष तपासणीला फार वेळ लागत नाही. इअरफोन काढावेत, स्पीकर सुरू करावा आणि व्हिडिओ सुरुवातीपासून न पाहता मधूनच लावावा, कारण सुरुवात प्रत्येक जण सांभाळून करतो. लाइव्ह असेल तर त्याचा शेवटचा अर्धा तास ऐकावा. तोवर गेमर थकलेला असतो, एक-दोन वेळा हरलेला असतो आणि त्याची खरी भाषा बाहेर येते. कार्यालयात किंवा लोकलमध्ये आवाज लावणे शक्य नसेल, तर अनेक व्हिडिओंच्या वर्णनाखाली ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोललेल्या शब्दांचा लिखित मजकूर, मिळते, ती चाळावी. वर्णनातले दुवेही पाहावेत. तिथून टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड अशा गप्पांच्या ॲपवरच्या गटांकडे बोलावणे असेल, तर पुढचे संभाषण पालकांच्या नजरेआड होणार आहे. घरात एकच मोबाइल दोन भावंडांत फिरत असेल, तर धाकट्यासाठी यूट्यूब किड्समध्ये वेगळे प्रोफाइल करावे, नाहीतर दादाने पाहिलेल्या व्हिडिओंच्या आधारे यूट्यूब धाकट्यालाही तसलेच व्हिडिओ सुचवत राहते. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू करणारे ऑटोप्ले बंद करावे.

वेळेबद्दल इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी, असे सुचवले आहे.

एवढे करूनही मुलाने नको ते पाहिले आणि रात्री एकटे झोपायला ते घाबरू लागले, तर काय करावे, हेही वयावर अवलंबून आहे. कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत आढळले की आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना ‘हे कसे बनवतात’ ही माहिती दिली की भीती कमी होते. त्यांच्यासोबत तोच प्रसंग दिवसा, आवाज बंद करून पाहता येईल. बालवाडीच्या वयाच्या मुलाला मात्र ‘ते खोटे आहे रे’ हे वाक्य फारसे उपयोगी पडत नाही. त्याला जवळ घ्यावे, पाणी किंवा आवडते पांघरूण द्यावे, काही दिवस आईने किंवा आजीने शेजारी झोपावे आणि तो व्हिडिओ व त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे व्हिडिओ पाहण्याच्या इतिहासातून पुसून टाकावेत, म्हणजे ते चित्र उद्या संध्याकाळी त्याच्यासमोर पुन्हा येण्याची शक्यता कमी होईल.